मोजणाऱ्याचे ऋण

कोणत्याही शास्त्राविषयी आपण सामान्यतः दोनच प्रश्न विचारतो. ते जे सांगते ते खरे आहे काय, हा पहिला; आणि ते आपल्या उपयोगी पडेल काय, हा दुसरा. या दोहोंपलीकडे एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो क्वचितच कोणी विचारतो. ज्यांच्या श्रमातून, ज्यांच्या घरादारातून आणि पुष्कळदा ज्यांच्या संकटातून हे ज्ञान गोळा झाले, त्यांचे त्या ज्ञानाकडे काही येणे निघते काय? समुद्रशास्त्राच्या बाबतीत हा प्रश्न आज विशेष निकडीचा झाला आहे, कारण समुद्र बदलत आहे, आणि त्याच्या काठी राहणाऱ्यांना बदलण्याचा उपदेश चहूंकडून होत आहे.

हा प्रश्न आमच्या मनात आला तो ग्रंथ वाचताना नव्हे. काही वर्षांपूर्वी मालवणच्या किनाऱ्यावर एका सकाळी आम्ही रापण ओढताना पाहत उभे होतो. रापण म्हणजे काय हे घाटावरील वाचकांस सांगावयास हवे. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगा दोर धरून ते जाळे वाळूवर ओढून घेतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाता जाता कोणी दोराला हात लावला, तर त्यालाही रिकाम्या हाताने न पाठविण्याची तेथे जुनी चाल आहे. त्या दिवशी जाळे फार हलके आले. थोडी तारली, थोडे बांगडे, आणि पुष्कळसे शेवाळ. माणसे वाटे घालू लागली तेव्हा हातात पट्टी व वही घेतलेला एक तरुण पुढे झाला, आणि मूठभर तारली मागून घेऊन एकेकीची लांबी मोजून टिपू लागला. एक वृद्ध रापणकर त्याच्याकडे बराच वेळ पाहत होता. शेवटी त्याने विचारले, “मोजल्यार मासो वाढतलो काय रे झिला?”

तरुण संकोचाने हसला आणि पुन्हा लिहू लागला. म्हाताऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता. कुतूहलही फारसे नव्हते. पुष्कळ वर्षे पुष्कळ लोक येऊन मोजून गेले असावेत आणि त्याच्या वाट्यात त्यामुळे काही फरक पडला नसावा, एवढेच त्यातून आम्हांस ऐकू आले. त्या तरुणास उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही सुचले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा उशिरा केलेला शोध आहे.

प्रथम त्या तरुणाची बाजू मांडणे न्यायाचे होईल. मोजण्याचे काम क्षुद्र नाही. तारलीचे जीवनवृत्त आज आपणांस जे ठाऊक आहे, त्याचा पाया हॉर्नेल आणि नायडू या दोघा संशोधकांनी १९२४ साली मद्रासेहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात घातला गेला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ च्या फेब्रुवारीत, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था स्थापन झाली. आज ती कोचीस आहे. तिचे गणक ठरलेल्या दिवशी देशभरच्या बंदरांवर जातात, निवडक होड्यांतून उतरलेली मासळी पाहतात, आणि त्या नमुन्यांवरून साऱ्या किनाऱ्याच्या उत्पन्नाचा अंदाज बांधतात. मुंबईस अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून होत आली आहे; उत्तर हिंदी महासागराच्या काठची ही अत्यंत जुन्या नोंदींपैकी एक होय. गोव्यास दोनापावल येथे १९६६ च्या प्रारंभी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, ती त्यापूर्वीच्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे फलित म्हणून. या साऱ्या नोंदी नसत्या तर समुद्र बदलला हे आपणांस अंगावर पाणी येईपर्यंत कळले नसते. एका माणसाचे आयुष्य समुद्राच्या चालीपुढे फार तोकडे आहे. आजोबाने पाहिलेली भरती आणि नातवाने पाहिलेली भरती यांची तुलना आठवणीने होत नाही, आकड्यानेच होते.

आणि आकडे काय सांगतात? १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटरांनी वर आली. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठाचे तापमान १९५१ ते २०१५ या अवधीत सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढले. एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे जमिनीवरच्या माणसास वाटेल. परंतु पाणी तापण्यास हवेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता लागते, आणि माणसाच्या धुरामुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठली तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानेच पोटात घेतला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिले की, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेने २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. ज्या समुद्रास आपण बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजत होतो, त्यानेच ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आणले, आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, ज्या दोन दोन पिढ्यांनी वाढविल्या होत्या, त्या एका दुपारी झोपविल्या.

येथवर शास्त्राचे काम निर्दोष आहे. आमचा प्रश्न यापुढे सुरू होतो. सत्य शोधून ते प्रसिद्ध केले म्हणजे शोधणाऱ्याचे कर्तव्य संपले काय?

आपल्या परंपरेत माणूस ऋण घेऊनच जन्मतो असे मानले आहे. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही तीन सर्वांच्या तोंडी आहेत. परंतु शतपथब्राह्मणात चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, मनुष्यांचे ऋण माणसांस आश्रय व अन्न देऊन. आमच्या मते आजच्या संशोधकाची अडचण अशी की, तो ऋषिऋण मनोभावे फेडतो आणि त्यातच मनुष्यऋण फिटले असे समजतो. पूर्वसूरींच्या निबंधांत आपला एक निबंध घातला की विद्येचे देणे पुरे झाले, हे खरे; पण ज्या रापणकराच्या वाट्यातील मूठभर तारली मोजून तो निबंध झाला, त्याचे देणे निराळ्या खात्यावर आहे, आणि एका खात्यावरची जमा दुसऱ्या खात्यावर धरता येत नाही.

त्याच शतपथब्राह्मणात मनूची आणि माशाची कथा आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो, माझे रक्षण कर, मी तुझे करीन. लहान असेपर्यंत आम्हांस मोठे मासे खातात. मनू त्याला घटात ठेवतो, मग खड्ड्यात, आणि मोठा झाल्यावर समुद्रात सोडतो. मासा त्याला जलप्रलयाची आगाऊ सूचना देतो. ही कथा सर्वांस ठाऊक आहे; परंतु तिचा एक भाग आपण नीट वाचत नाही. माशाने सूचना देऊन आपले काम संपले असे मानले नाही. त्याने नाव तयार ठेवण्यास सांगितले, पाणी चढताच तो स्वतः आला, नावेचा दोर आपल्या शिंगास बांधून घेतला, आणि ती नाव उत्तरेच्या पर्वतापर्यंत ओढून नेली. सूचना, साधन आणि ओढणे अशी तीन अंगे त्या उपकाराच्या फेडीस आहेत. आजचे शास्त्र पहिल्यात निष्णात आहे, दुसऱ्यात चाचपडते आहे, आणि तिसरे आपले कामच नव्हे असे म्हणते.

सूचना दिली आणि ती पोचली या दोन गोष्टी किती भिन्न आहेत हे २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस दिसून आले. ‘ओखी’ वादळ कन्याकुमारीजवळ फार झपाट्याने बळावले. इशारा निघाला तोवर केरळ व तामिळनाडूच्या कितीतरी नौका दिवसचे दिवस आधी खोल समुद्रात गेलेल्या होत्या. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरांपलीकडे साधा भ्रमणध्वनी मुका होतो. म्हणजे इशारा त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाटच नव्हती. शेकडो मच्छीमार परत आले नाहीत. त्यांच्यापैकी साठाहून अधिक नौका भरकटत, वाऱ्याशी झुंजत आमच्या सिंधुदुर्गात देवगड बंदरास लागल्या, आणि त्यांवरील नऊशेंहून अधिक जीव वाचले. देवगडच्या धक्क्यावर त्यांची भाषा कोणास येत नव्हती. पण भिजलेल्या माणसास काय हवे हे कळण्यास भाषा लागत नाही.

यानंतर शास्त्रज्ञ स्वस्थ बसले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहितीसेवा केंद्राने २०१९ च्या ऑक्टोबरात ‘जेमिनी’ नावाचे एक लहानसे यंत्र पुढे आणले. ते उपग्रहाकडून येणारा संदेश घेते आणि खोल समुद्रातही मच्छीमाराच्या भ्रमणध्वनीवर उमटविते. परंतु त्या यंत्रास ऐकविता येत होते, ऐकता येत नव्हते. मच्छीमारास त्यातून उलट हाक मारण्याची सोय नव्हती. पुढे २०२४ साली भारतीय अवकाश संशोधन संस्थेने संकटसूचक यंत्राची दुसरी पिढी काढली, तिच्यात बुडत्याने पाठविलेल्या हाकेची पोच त्याला परत मिळते. एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे झालेला हा प्रवास आम्हांस केवळ तंत्राचा वाटत नाही. सांगणाऱ्याने ऐकण्यास शिकणे ही नीतीची पायरी आहे, आणि ती चढण्यास माणसे मरावी लागली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. शास्त्रज्ञाने असे कोणाच्या दोराला हात लावू नये, असे काही विचारवंत म्हणतील. त्याचे सारे मूल्य त्याच्या निःपक्षपातात आहे. तो एकदा रापणकरांचा झाला की पर्ससीनवाले त्याचा आकडा मानणार नाहीत. तो एकदा सरकारचा झाला की रापणकर मानणार नाहीत. वैद्याने रोग्याच्या भाऊबंदकीत पडू नये, तसे हे आहे.

या आक्षेपातील सत्यांश आम्ही पूर्णपणे मान्य करतो. मोजमाप करताना हात कोणाच्याही बाजूला झुकता कामा नये. परंतु निःपक्षपात आणि औदासीन्य या दोन वस्तू एक नव्हेत. तराजू सरळ धरणे हा निःपक्षपात. त्या तराजूत काय घालून तोलावयाचे याचा विचारच न करणे हे औदासीन्य. आणि काय तोलावयाचे याची निवड कधीच तटस्थ नसते. एक उदाहरण घ्या. वर सांगितलेले हैदराबादचे केंद्र उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य पाहते, आणि कोणत्या भागात मासळी जमण्याचा संभव आहे ते मच्छीमारांस कळविते. यात इंधन वाचते, वेळ वाचतो, आणि पुष्कळ गरीब नौकांस त्याचा लाभही होतो. तथापि ही माहिती ज्याच्यापाशी मोठे यंत्र आहे त्याला एका तासात मासळीवर नेते. लहान होडीवाल्यास उशिरा नेते. आणि रापणकरास कोठेच नेत नाही, कारण त्याचे जाळे किनारा सोडून जाऊ शकत नाही. बातमी सर्वांस सारखीच दिली, तरी तिचे फळ सारखे पडले नाही. देणाऱ्याने पक्षपात केला नाही हे खरे. परंतु फळ कोणाच्या पदरात पडते हे पाहणे त्याचे काम नाही असे जर तो म्हणेल, तर पाऊस सर्वांवर सारखाच पडतो असे सांगून बेघराचे समाधान करण्यासारखे ते होईल.

मग मोजणाऱ्याने करावे काय? आमच्या मते त्याचे ऋण तीन रीतींनी फिटू शकते, आणि तिन्ही त्याच्या शास्त्राच्या मर्यादेतच आहेत.

पहिली रीत म्हणजे सत्य सांगताना त्याची हद्दही सांगणे. तारलीचेच उदाहरण पुरे आहे. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली सुमारे ३ लक्ष ९० हजार टन तारली उतरली. आणि २०२१ साली अवघी ३,२९७ टन, जी १९९४ पासूनची सर्वांत कमी. पुढील वर्षांत ती पुन्हा परतू लागली. या मासळीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. पावसाळ्यात खालचे थंड, पोषक पाणी वर येते, त्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांवर ती पोसते. पाणी तापले, ‘एल निनो’ने पावसाची घडी विसकटली, की तिच्या अन्नाची व अंडी घालण्याची वेळ चुकते. त्यातच अपुऱ्या वाढीची पिले जाळ्यांनी उचलली, की उरलेल्यांस भर काढता येत नाही. म्हणजे दोष उष्णतेचाही आहे आणि जाळ्याचाही. आता येथे मोह कोठे आहे पाहा. सारा दोष जाळ्यावर घातला तर शासनास दंड करणे सोपे जाते. सारा दोष उष्णतेवर घातला तर मच्छीमारांच्या सभेत टाळ्या पडतात. जो शास्त्रज्ञ दोन्ही मोह टाळून म्हणतो की, दोन्ही कारणे आहेत आणि त्यांचे वाटे मला अचूक पाडता येत नाहीत, तो कोणासच प्रिय होत नाही. परंतु विश्वास त्याच्यावरच बसतो. आज नव्हे, दहा वर्षांनी.

दुसरी रीत म्हणजे संयमाचा भार कोणावर पडतो हे मोजणे. समुद्रास बांध नाही. माझ्या जाळ्यातून सुटलेले पिलू उद्या वाढून मलाच मिळेल अशी खात्री कोणास नाही. ते शेजाऱ्याच्या जाळ्यात आजच सापडेल, ही खात्री मात्र आहे. अशा स्थितीत एकट्याने पाळलेला संयम हा सद्गुण न राहता आत्मघात होतो, आणि त्याचा उपदेश करणारा कितीही सज्जन असला तरी दुसऱ्याच्या पोटावर सज्जन झालेला असतो. संयम सर्वांनी मिळून पाळावयाचा असेल तर सर्वांचा विश्वास असलेला एक पंच लागतो, आणि येथेच शास्त्र उपयोगी पडू शकते. महाराष्ट्र शासनाने सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीन जाळ्यांवर काळाची व क्षेत्राची मर्यादा घातली. २०२३ च्या सप्टेंबरात पापलेटास राज्यमासा केले, आणि नोव्हेंबरात ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची १३५ मिलिमीटर. ही लांबी कोठून आली? एक वेळ तरी अंडी घालण्याइतका मासा वाढू द्यावा, या हिशेबातून. म्हणजे वाळूवर बसून पट्टीने तारली मोजणाऱ्या तरुणांच्या वह्यांतूनच असले नियम येतात. आम्ही त्या वृद्धास हे तेव्हा सांगू शकलो असतो, ठाऊक असते तर.

परंतु नियम कागदावर उतरला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. लहान मासा जाळ्यात आल्यावर तो परत टाकण्यात अर्थ नसतो. बहुधा तो मेलेलाच असतो. ट्रॉलर ओढीत असलेल्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत नेहमीचे तिरकस आस ताण बसताच मिटतात, आणि पिले कोंडली जातात. चौकोनी आस उघडे राहतात, आणि त्यांतून पिले निसटू शकतात. सिंधुदुर्गात अशा चौकोनी आसाच्या जाळ्यांचे प्रयोग झाले. हे उदाहरण आम्हांस विशेष प्रिय आहे. येथे शास्त्राने केवळ ‘धरू नका’ असे म्हटले नाही. न धरता कसे येईल हे दाखविले. मनूच्या माशाचा दोर तो हाच. निषेध करणाऱ्याने पर्याय दाखविला पाहिजे, हा नियम धर्मोपदेशकांस लागू असो वा नसो, शास्त्रज्ञांस लागू असावा.

तिसरी रीत म्हणजे विचारणे. मालवणच्या समुद्राचा एक तुकडा १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा, सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा. तेथील प्रवाळ व जलचर रक्षण करण्यासारखे आहेत याविषयी दुमत नाही. तरीही स्थानिक मच्छीमारांचा त्यास दीर्घकाळ विरोध राहिला. हा विरोध अज्ञानाचा होता असे म्हणणे सोपे आहे. ज्याच्या अंगणाभोवती कुंपण पडते तो त्या कुंपणाच्या हेतूकडे मागाहून पाहतो. मला विचारले काय, हे आधी पाहतो. चांगली गोष्टसुद्धा न विचारता केली म्हणजे तिच्यात अपमानाचा अंश राहतो, आणि अपमान झालेला मनुष्य आपल्याच हिताचा शत्रू होऊ शकतो. ज्ञानाच्या जोरावर संमतीची अडचण टाळता येते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

येथे उलट टोकास जाण्याचा दोषही आम्ही टाळू इच्छितो. किनाऱ्यावरील माणसास सर्व ठाऊक असते, शास्त्रज्ञाने त्याच्या पायाशी बसून ऐकावे, असे म्हणण्याची हल्ली एक रीत पडली आहे. तीत आदर कमी आणि आळस अधिक आहे. रापणकरास पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, उधाण आणि भांग यांचे जे सूक्ष्म ज्ञान असते ते कोणत्याही उपग्रहास नाही. परंतु ते ज्ञान पूर्वीच्या समुद्राचे आहे. बापाने शिकविलेली खूण खोटी नव्हती. ज्या समुद्राची ती खूण होती, तो समुद्रच आता राहिलेला नाही. अशा वेळी त्याला ‘तुझे ज्ञान थोर आहे’ म्हणून नमस्कार करून निघून जाणे ही फसवणूक होय. त्याला आकडा हवा आहे, आणि आकड्यास त्याची खूण हवी आहे. दोहोंपैकी एकाचा गौरव करून दुसऱ्यास मुक्ती देणे बरोबर नाही.

आता शेवटच्या आणि सर्वांत कठीण मुद्द्यास हात घालू. या साऱ्या चर्चेत एक शब्द वारंवार येतो. बदलत्या परिस्थितीशी ‘जुळवून घेणे’. शब्द सौम्य आहे. परंतु आपल्या घरांतून हा शब्द कोणास सांगितला जाई ते आठवावे. सासरी निघालेल्या मुलीला आई सांगे, ‘बाई, जुळवून घे.’ सासूला तो उपदेश कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जुळवून घेण्याचा सल्ला नेहमी दुबळ्या बाजूस मिळतो, आणि तो सल्ला शहाणपणाचा असतो हीच त्यातील खरी वेदना आहे. कारण न जुळवून घेतल्यास हाल तिचेच होतात. किनाऱ्यावरील माणसाची गोष्ट तीच. समुद्र ज्या धुराने तापला, त्यात रापणीच्या होडीचा वाटा किती? तरी खारबंदिस्ती फुटून शेतात मीठ चढते ते त्याच्या; मासळी सरकते ती त्याच्या जाळ्यापुढून; आणि बदल म्हणून त्यालाच सांगितले जाते. त्याने बदलावे हे हिताचे आहे, आम्हीही तेच सांगू. पण सांगताना हा उपदेश आहे, न्याय नव्हे, याची लाज सांगणाऱ्याच्या आवाजात असली पाहिजे. शास्त्राचे येथे एक मोठे कर्तव्य आहे, आणि ते फक्त त्यालाच करता येते: कोणाच्या कर्माचे फळ कोणाच्या दारी येऊन पडले, याचा हिशेब उघडा ठेवणे. जो हिशेब ठेवतो त्याला न्याय करता येत नाही. परंतु हिशेबच नसला तर न्याय मागण्यास जागाही राहत नाही.

त्या वृद्ध रापणकराचा प्रश्न आता पुन्हा समोर घेऊ. मोजल्याने मासा वाढत नाही, हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. मोजणे हे ओढणे नव्हे. परंतु किती धरावे, केव्हा थांबावे, कोणी आधी थांबावे, आणि थांबणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटावी, हे ठरविण्यास मोजल्यावाचून गत्यंतर नाही. आणि एवढे ठरले तर मासा वाढूही शकेल. म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता येते, पण ते वहीतल्या आकड्याने देता येत नाही. वही मिटल्यावर मोजणारा काय करतो, यावर ते अवलंबून आहे.

रापणीची चाल आम्ही प्रारंभी सांगितली. दोराला हात लावील त्याला वाटा. त्या सकाळी त्या तरुणास मोजण्यापुरती मूठभर तारली मिळाली होती, आणि ती कोणी कुरकुर न करता दिली होती. वाटा आधी घेतला गेला आहे. दोर अजून वाळूवर पडलेला आहे.